पाट आणि पुढचा नंबर

माझा दादा शाळेत गणित शिकवतो आणि मी लोकांचे केस कापते. दोन्ही पोरांच्या हाती लोकांची डोकी दिली, असं बाबा कौतुकाने सांगायचे. ते स्वतः चाळीस वर्षं याच दुकानात, याच खुर्चीमागे उभे राहिले. ते गेल्यावर खुर्ची, आरसा, वस्तरे आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. पाटही आला.

पाट म्हणजे बसायचा नव्हे. हातभर लांब, जाड लाकूड आणि त्यात सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, आजोबांनी कोरलेल्या. प्रत्येक खळग्यात पाच बिया घालायच्या. आपल्या ओळीतला एक खळगा उचलायचा आणि पुढच्या खळग्यांत एकेक बी पेरत जायचं. शेवटची बी आपल्याच रिकाम्या खळग्यात पडली, की समोरच्या खळग्यात असेल-नसेल ते सगळं आपलं. ज्याच्याकडे शेवटी जास्त बिया, तो जिंकला. काही बिया काळाच्या ओघात हरवल्या, त्यांच्या जागी शर्टाची बटणं आली आहेत. गळ्याशी कापड बांधताना बटणं तुटतात आणि गिऱ्हाईक घाईत असतं, त्यामुळे बटणांची ददात नाही.

बाबा होते तोवर पाट बाकावर असायचा, नंबराची वाट बघणाऱ्यांच्या मधोमध. आता वाट बघणारे फोनमध्ये बघतात. मी पाट उचलून कपाटावर ठेवला आणि, खोटं कशाला बोलू, त्याच्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत रचली.

नेमकी ती चळत दादाने पाहिली. दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता, मी कंगवे धूत होते, आणि हा उत्तरपत्रिका तपासल्यासारखं सगळं दुकान नजरेने तपासत उभा.

"पाट मी शाळेत नेतो," तो म्हणाला. "आमच्याकडे काचेचं कपाट आहे. खाली पाटी लावीन. खेळणारं कोणी नसेल तर निदान बघणारं तरी असू दे."

माझ्या नाकावर कायम राग बसलेला असतो. "खेळणारं नाही असं कोण म्हणतं? माझ्या मुली खेळतात."

"खेळतात?"

"रोज."

ही शुद्ध थाप होती. माझ्या मुली दोन, मोठी बारा वर्षांची, धाकटी आठ. धाकटीने एकदा मला विचारलं होतं की आपण त्यात अंडी का ठेवत नाही.

दादाने चष्मा काढून पुसला. तो असं करतो तेव्हा समोरच्याला गृहपाठ मिळणार हे नक्की असतं. "ठीक. पुढच्या सुट्टीला येतो. मोठीशी एक डाव खेळेन. पहिल्या बीपासून शेवटच्या बीपर्यंत, पूर्ण, नियमाने. तिने मला हरवलं तर पाट इथेच राहील. नाही तर काचेच्या कपाटात. आणि डाव संपेपर्यंत मी पाटाला हात लावणार नाही, शब्द देतो."

तो जायला वळला आणि मला त्याची मान दिसली. कोण कापतं याचे केस देव जाणे. कानामागे पायऱ्या, मानेवर एक बाजू वर, एक खाली. बाबांनी त्याचे केस शेवटचे कापले त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर तो माझ्या खुर्चीत एकदाही बसलेला नाही. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. पण ती मान दिसली की माझी बोटं शिवशिवतात, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटतं.

तर हातात आठवडा होता. पाट त्याच दुपारी घरी आणला, स्वयंपाकघरात जमिनीवर मांडला आणि मुलींना समोर बसवलं.

"जिंकल्यावर काय मिळतं?" मोठीने विचारलं.

"काही नाही."

"आणि हरल्यावर?"

"एरवी काही नाही. या वेळी पाट जाईल. मामा नेईल."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काल जी वस्तू अंड्यांच्या लायकीची होती, ती मामा नेणार म्हटल्यावर एकदम जिवाभावाची झाली. मुलांचं हे असंच असतं, आणि माझं तरी कुठे वेगळं होतं.

"आणखी एक नियम," मी सांगितलं. "'पुढचा!' अशी हाक आली की ज्याचा नंबर असेल त्याने उठायचं. हातातल्या बिया खाली ठेवायच्या आणि उठायचं. त्याच्या जागी दुसऱ्याने बसायचं आणि त्याचाच डाव पुढे चालवायचा."

"म्हणजे आपला डाव दुसऱ्याला द्यायचा?" मोठीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी छान जमवून आणलेला असला तरी?"

"तरी."

"आणि आपण घाण करून ठेवलेली असली तर?" धाकटीने विचारलं.

"तरीही."

धाकटीला खेळ तिथेच आवडला.

मी अशीच शिकले होते. खुर्ची रिकामी झाली की बाबा कापड झटकायचे, "पुढचा!" म्हणायचे, खेळणारा उठून खुर्चीत बसायचा आणि बाकावरचा पुढचा माणूस त्याच्या जागी सरकायचा. सकाळी हमालाने सुरू केलेला डाव दुपारी पोस्टमनच्या हातात असायचा आणि संध्याकाळी कोणा कारकुनाच्या. दुकान बंद करताना बाबा बिया डब्यात ओतायचे. मला वाटायचं, जगभर असंच खेळतात.

घरी खुर्ची नव्हती, पण न्हाणीघर एकच होतं. तेवढं पुरलं. सकाळी जो कोणी अंघोळ करून बाहेर यायचा तो डोक्याला टॉवेल गुंडाळून ओरडायचा, "पुढचा!" मुलींचे वडील बेकरीत रात्रपाळी करतात. ते भुवयांवर पीठ घेऊन घरी यायचे आणि बूट काढायच्या आधी कोणाचा तरी बिघडलेला डाव त्यांच्या गळ्यात पडायचा. चौथ्या दिवशी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस दोन चाली खेळून गेला आणि जाताना धाकटीच्या सहा बिया घालवून गेला. ती दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडत होती.

मोठी मात्र झपाट्याने शिकली. ती बिया उचलायच्या आधी डोळ्यांनी पेरायची. धाकटी साठवणारी. तिला एका खळग्यात ढीग करायला आवडायचं आणि तो ढीग बघत बसायला त्याहून जास्त.

"आई, पण जिंकतं कोण?" एका संध्याकाळी तिने विचारलं. "आपला एकही डाव संपत नाही."

माझं वय एकेचाळीस, मी पाटाशेजारी लहानाची मोठी झाले, आणि मी संपलेला डाव कधी पाहिलाच नव्हता.

"दुकान जिंकतं," मी ठोकून दिलं. तिला ते पटलं नाही, आणि मलाही नाही.

सुट्टीचा दिवस उजाडला. दादा ठरल्या मिनिटाला दुकानात हजर. काखेत एक पुस्तक, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, नियमांचं. बाकाच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला मोठी, मधे पाट. धाकटी खाली फरशीवर. मी आरसा पुसायला घेतला, जो आधीच दोनदा पुसून झाला होता.

मोठीने सुरुवातीलाच सात बिया मारल्या. मग पाच. दादाच्या भुवया वर गेल्या. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराने बरोबर उत्तर दिलं की जात असतील तशा. माझी छाती फुगली. पाट राहिला, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या दुकानातले शिंपीकाका दार ढकलून आत आले. बाबांचे जुने गिऱ्हाईक, मला अजून पोरी म्हणतात.

"पोरी, ओळखपत्राला फोटो काढायचाय. तासाभरात पोचायचंय. दाढी कर."

"काका, आज बंद आहे."

"दार उघडं, तू इथे, वस्तरा इथे. बंद काय आहे?"

मी कापड उचललं, खुर्चीवर झटकलं, आणि जित्याची खोड, तोंडातून आपोआप निघून गेलं, "पुढचा!"

मोठी उठली. आठवडाभर उठत होती तशीच उठली. हातातल्या चार बिया खळग्यात परत ठेवल्या आणि सरळ खुर्चीपर्यंत चालत आली. तिथे आल्यावर तिला आठवलं की हे न्हाणीघर नाही. तोवर धाकटी टुणकन तिच्या जागी बसली होती.

"हे काय?" दादा म्हणाला.

"तिचा नंबर आला," धाकटी म्हणाली. "आता मी."

"डाव अर्धा टाकून कोणी उठतं? जो उठला तो हरला. पान नऊ." त्याने पुस्तक उघडलंसुद्धा.

मोठीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने मेहनतीने जिंकत आणलेला डाव मी एका शब्दात घालवला होता, तोही सख्ख्या आईने.

"पुस्तक ठेव बाजूला," मी दादावर खेकसले. "या दुकानात उठणारा हरत नाही. त्याच्या जागचा खेळतो. बाबांचा नियम आहे."

"बाबांचा?"

"मग काय माझा?"

दादाने पान नऊमध्ये बोट घातलं आणि पुस्तक मिटलं. मला वाटलं आता बिनपाण्याने हजामत होणार. तिकिटाच्या मागे छापलेल्या नियमावरून कंडक्टरशी तीन थांबे भांडलेला माणूस आहे हा. पण तो फक्त म्हणाला, "बरं. खेळ."

मी शिंपीकाकांना बसवलं, फेस केला आणि वस्तरा हातात घेतला. आरशात मला काकांचा गाल दिसत होता आणि त्यांच्या खांद्यावरून बाक, पाट, दादा आणि धाकटी.

धाकटी खेळली ती तिच्या पद्धतीने. मोठीने जपून मांडलेलं सगळं तिने एका खळग्याकडे वळवलं. बघता बघता तिथे चौदा बिया जमल्या. तिचा चेहरा खुलला. पण त्या ढिगासमोरचा दादाचा खळगा रिकामा होता, आणि त्याच्या तीन घरं मागे दादाच्याच एका खळग्यात बरोबर तीन बिया होत्या. चाल दादाची होती. धाकटीने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला.

ती आठ वर्षांची होती आणि पाट आपल्यामुळे जाणार, हे तिला कळलं होतं. रडायचं नाही म्हणून ती श्वास धरून बसली होती. दादाने हात पुढे केला आणि तीन बिया उचलल्या.

काकांचा डावा गाल झाला होता. उजवा अजून फेसात होता. मला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे, पण मला चांगलं कळत होतं. मी त्यांच्या गळ्याचं कापड ओढून काढलं आणि ओरडले, "पुढचा!"

"अगं, अर्धी राहिली!" काका म्हणाले.

"उठा काका. बाकावर बसा."

"पोरी, माझा फोटो..."

"एका बाजूने काढून घ्या."

काका उठले. एक गाल गुळगुळीत, एक पांढरा, अशा अवतारात ते बाकासमोर जाऊन उभे राहिले. धाकटीने धरलेला श्वास सोडला. "मामा, उठा," ती म्हणाली. "तुमचा नंबर आला."

मी वादाच्या तयारीत उभी होते. वस्तरा खाली ठेवला होता, कमरेवर हात घेतले होते. दादा मात्र काकांच्या पांढऱ्या गालाकडे बघत होता. मग तीन बिया त्याने एकेक करून खळग्यात परत ठेवल्या, चष्मा काढून खिशात घातला, उठला आणि बाबांच्या खुर्चीत येऊन बसला.

मी त्याच्या गळ्याला कापड बांधलं. मग कंगवा शोधत राहिले. कंगवा हातातच होता.

मी कात्री चालवायला लागले. मग दादा आरशाला उद्देशून म्हणाला, "बाबांनी असाच एकाला उठवला होता. पोस्टमनला. अर्ध्या दाढीवर."

"कधी?"

"तू झाली नव्हतीस. मी सात वर्षांचा होतो. इथे बसून मोठ्या माणसांशी खेळायचो. हरलो की रडायचो. साधं नाही, जमिनीवर लोळून. गिऱ्हाइकं उठून जायची. मग बाबा आरशातून पाटावर डोळा ठेवायला लागले. मी हरायला आलो की 'पुढचा!' खुर्ची रिकामी असो वा नसो. मला वर बसवायचे आणि कापायला काही नसलं तरी केस कापायचे."

आरशाच्या कडेला दादाचा सात वर्षांचा फोटो खोचलेला आहे, डोकं जवळजवळ तुळतुळीत. मी आईला विचारायचे, तर ती म्हणायची, उवा झाल्या असतील.

"उवा नव्हत्या?"

"उवा कसल्या! महिन्यातून चार-चार वेळा केस कापले जायचे. शाळेत सगळे मला नारळ म्हणायचे."

मला हसू आवरेना. कात्री बाजूला धरावी लागली.

"फक्त मलाच उठवलं असतं तर माझ्या लक्षात आलं असतं," दादा म्हणाला. "म्हणून मग ते सगळ्यांनाच उठवायला लागले. तो दुकानाचा नियम झाला."

"आणि तुझ्या लक्षात आलंच नाही?"

"आलं होतं. येत नाही असं दाखवायचो."

मी त्याच्या कानामागच्या पायऱ्या काढत होते. तो म्हणाला, "नोकरी लागल्यावर हे पुस्तक घेतलं. बाबांना म्हटलं, आता मी रडत नाही, आपण एक डाव पूर्ण खेळू. नियमाने. ते म्हणाले, खेळू की, जरा गर्दी कमी होऊ दे. दर वेळी कोणी तरी गिऱ्हाईक यायचं."

"खेळलात?"

"नाही."

आता मात्र मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. अकरा वर्षं मला वाटत होतं की याला माझा हात पसंत नाही. आणि हा बाबांशी राहून गेलेल्या एका डावासाठी या खुर्चीपासून लांब थांबलेला.

"आणि मी?" मी नाक पुसत विचारलं. "मीही कधी हरले नाही. मलाही ते..."

"तू? तू पाचव्या चालीला हरायला यायचीस. तुला उठवून उठवून बाबांचा घसा बसायचा."

बाकावर शिंपीकाका दादाचा डाव चालवत होते. दादाला राहवेना. "काका, तो उजवीकडचा! तीन बियांचा!" पण तो आरशात बघून सांगत होता आणि आरशातलं उजवं काकांना डावं पडलं. त्यांनी भलताच खळगा उचलला आणि धाकटीने पुढच्याच चालीला त्यांच्या नऊ बिया मारल्या. मोठीने टाळ्या वाजवल्या.

"अहो काका!"

"गप्प बस," काका म्हणाले. "तुझा नंबर गेला. आणि हिला सांग, माझा फेस वाळला."

मी दादाच्या मानेवरून ब्रश फिरवला, कापड झटकलं आणि हाक दिली. काका धावत खुर्चीत आले. दादा उठला, मान वळवून आरशात बघितलं आणि कानामागून बोट फिरवलं. पायऱ्या गेल्या होत्या.

"बरे कापतेस," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पैकीच्या पैकी.

त्याने पुस्तक उचललं, तशी धाकटी पाटावर दोन्ही हात पसरून बसली. "मामा, पाट नेणार?"

दादाने वाकून बघितलं. खळग्यांत अजून तीसेक बिया आणि बटणं शिल्लक होती. "कसा नेणार? डाव संपला कुठे? संपल्याशिवाय हात लावणार नाही, असा मी शब्द दिलाय."

"मग कधी संपेल?"

दादाने मानेवरून हात फिरवला. "महिन्याने येतो. केस तर वाढू देत."

तो गेला, काका गेले, मी दुकान झाडलं. सवयीने डबा उघडला आणि बिया ओतायला पाट उचलणार, तो मोठीने माझं मनगट धरलं. "आई, राहू दे मांडलेला."

मी पाट तसाच बाकावर ठेवला आणि बिया हलू नयेत म्हणून त्याच्यावर हलकेच एक टॉवेल पांघरला. धाकटी अजून विचारात होती.

"आई, पुढच्या वेळी मामाच हरायला आले तर? ते रडले तर?"

"नाही रडणार," मी म्हटलं. "मला आरशातून सगळा पाट दिसतो."